काऊन पडला? स्वतःच्या क्लाइंबिंगचा हिशोब कसा ठेवायचा

क्लाइंबिंगच्या वॉलवरून, म्हणजे चढण्यासाठी बनवलेल्या भिंतीवरून, कुणी सुटला की खालून पहिला प्रश्न येतो, "काऊन पडला बे?" दोरीवर लोंबकळणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "हात भरले ना भाऊ." मग सगळे मान डोलावतात, तो खाली येतो, हात झटकतो आणि पाच मिनिटांनी त्याच ठिकाणी जाऊन पुन्हा पडतो.

हे उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. बोटं आवळून धरणारे स्नायू कोपर ते मनगट या पट्ट्यात असतात. कमाल ताकदीच्या साधारण निम्म्याहून जास्त जोर लावून ते आवळून ठेवले की आतला दाब वाढतो आणि रक्त आत येणं जवळजवळ बंद होतं. प्राणवायू पोचत नाही, साचलेलं बाहेर जात नाही, हात लाकडासारखा होतो आणि बोटं आपोआप उघडतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण इतका जोर, इतका वेळ का लावावा लागला, हे कुणी विचारत नाही. चौदाव्या मूव्हला (हाताच्या चौदाव्या हालचालीला) पडलेल्याची गोष्ट बहुतेक वेळा आठव्या-नवव्या मूव्हलाच बिघडलेली असते. पाय नीट बसला नाही म्हणून दोनदा ठेवला, तेवढा वेळ वाईट होल्डवर (धरायच्या जागेवर) लटकला, क्विकड्रॉ (वाटेत दोर अडकवायची कडी) छातीशी यायच्या आधीच हात ताणून दोर ओढला, आणि या सगळ्यात श्वास रोखलेला. चौदाव्या मूव्हला फक्त बिल आलं.

पडण्याचं शेवटचं कारण कुणालाही दिसतं. त्याच्या आधीचं कारण शोधायला लागणारं सामान फार नाही: एक वही, एक मोबाइल, थोडी शिस्त आणि स्वतःशी खोटं न बोलण्याची तयारी. यातली शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

वही

शंभर पानी साधी वही पुरते. मोबाइलमधली अ‍ॅप्स वाईट नाहीत, पण त्यांत ग्रेड (काठिण्याचा दर्जा) आणि "झाला की नाही" एवढंच भरलं जातं, आणि आपल्याला नेमकं तेच कमी हवं असतं. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ लिहायची: तारीख, वेळ, तापमान, रूट (चढायचा ठरलेला मार्ग), भिंतीचा कोन, आधीच्या प्रयत्नानंतर किती मिनिटं विश्रांती घेतली, कितव्या मूव्हला पडलो आणि कारणाचं अक्षर.

अक्षरं सहा पुरतात. पा म्हणजे पाय सुटला किंवा चुकीच्या जागी ठेवला. वा म्हणजे वाचन चुकलं: हातांचा क्रम उलटा झाला, होल्ड दिसलाच नाही, उजवा हात जिथे हवा तिथे डावा जाऊन बसला. ठे म्हणजे शरीराची ठेवण: कंबर भिंतीपासून लांब राहिली किंवा बिजागरीवरच्या दारासारखं अंग एका बाजूला उघडलं. बो म्हणजे ताजेतवाने असतानाही बोटांनी तो होल्ड धरवला नाही. भी म्हणजे भीती. आणि भ म्हणजे हात भरले.

नियम एकच, पण तो कडक पाळायचा: भ एकटा लिहायचा नाही. त्याच्या शेजारी बाकीच्या पाचांपैकी एक अक्षर आलंच पाहिजे. ते सापडत नसेल तर पडण्याआधीचे पाच मूव्ह मनात उलटे चालवून बघायचे. कुठे थांबलो, कुठे पुन्हा पकडलं, कुठे वरखाली बघत राहिलो? तिथेच ते अक्षर असतं. क्वचित खरंच काही सापडत नाही, सगळं नीट झालं आणि तरीही हात भरले. तेव्हा भ-ला दुहेरी गोल करा. तीस प्रयत्नांत असे पाच-सहापेक्षा जास्त गोल निघाले तरच दमाचा सराव वाढवायचा विचार करा, त्याआधी नाही.

खाली उतरल्यावर दोन मिनिटांच्या आत लिहायचं, कुणी काही बोलायच्या आत. नागपुरात वॉलखाली उभा असलेला प्रत्येक माणूस सल्लागार असतो. तीन जणांनी तीन कारणं सांगितली की तुमचं स्वतःचं निरीक्षण पुसलं जातं. आधी स्वतःचा अंदाज लिहा, मग विचारा. आणि "कसं झालं?" असं विचारू नका, त्याला "भारी!" याशिवाय उत्तर येत नाही. "नवव्या मूव्हला डावा पाय सुटला तेव्हा माझी कंबर कुठे होती?" असं विचारा. खाली दोर सांभाळणाऱ्या बिलेअरला हा प्रश्न वर चढण्याआधीच सांगून ठेवला तर तो नेमकं तेच बघेल.

विश्रांतीचा रकाना लोकांना फालतू वाटतो. बोल्डरिंगच्या (दोराविना, कमी उंचीच्या चढाईच्या) जोरकस प्रयत्नानंतर तीन ते पाच मिनिटं आणि लांब रूटवर पूर्ण हात भरल्यानंतर वीस ते तीस मिनिटं गेली नसतील, तर पुढच्या प्रयत्नात जे दिसतं तो थकवा असतो, तुमची उणीव नव्हे. दर दीड मिनिटाला उडी मारणाऱ्याच्या वहीत सगळीकडे बो आणि भ दिसतात आणि तो बिचारा फिंगरबोर्ड (बोटांनी लटकायची फळी) विकत घ्यायला निघतो.

वॉर्मअपचे रूट मोजणीत धरायचे नाहीत. पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात होतात ते काही सांगत नाहीत, आणि ज्यावर तिसरा मूव्हही जमत नाही ते सगळंच सांगतात, म्हणजे काहीच सांगत नाहीत. तीन ते दहा प्रयत्नांत होतील असे रूट धरा. असे तीस प्रयत्न लिहून झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. दहा ओळींतून दिसतो तो बहुधा गेल्या रविवारचा मूड असतो.

झालेले रूटही लिहायचे. शेवटच्या होल्डला कसाबसा हात लागलेला रूट आणि गप्पा मारत झालेला रूट, वहीत दोन्हींपुढे सारखीच बरोबरची खूण पडते. म्हणून किती कठीण गेलं याचा आकडा १ ते १० मध्ये टाका, आणि झालेला रूट आठवड्याभराने पुन्हा करा. नऊवरून सहावर आला तर शिकलात. पुन्हा नऊच आला, किंवा झालाच नाही, तर पहिल्यांदा तो चिकाटीवर निघाला होता. ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे आणि कुणीच करत नाही, कारण झालेल्या रूटवर पडायला लाज वाटते.

व्हिडिओ आणि त्यात बघायच्या चार गोष्टी

मित्र थेट भिंतीखाली उभा राहून मोबाइल वर करून शूट करतो, तो व्हिडिओ इन्स्टाग्रामसाठी चांगला. खालून बघताना कंबर भिंतीपासून किती लांब आहे ते कळत नाही, आणि तेच तर बघायचं असतं. मोबाइल भिंतीपासून पाच-सहा मीटरवर, बाजूने साधारण ४५ अंशांत, पूर्ण शरीर आणि पुढचे दोन होल्ड फ्रेममध्ये राहतील असा ठेवा. ट्रायपॉड नसेल तर पाण्याच्या कॅनला टेकवा. झूम करू नका, कॅमेरा हलवू नका. दर वेळी जागा तीच ठेवली तर दोन महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ शेजारी लावून बघता येतो.

तोच व्हिडिओ तीनदा बघायचा: पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा फक्त कंबर, तिसऱ्यांदा हात आणि घड्याळ. सगळं एकदम बघायला गेलं की डोळा हातांकडेच जातो.

पाय बघताना वेग अर्धा करा आणि एकदा ठेवलेला पाय किती वेळा उचलून पुन्हा ठेवला ते मोजा. पंधरा मूव्हच्या रूटवर दोन-तीनदा ठीक आहे. आठ-दहा वेळा होत असेल तर उणीव सापडली. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच सवय असते: पाय फूटहोल्डवर टेकायच्या आधीच नजर वर पुढच्या होल्डकडे जाते. शेवटचे दहा सेंटिमीटर पाय आंधळा जातो आणि मग चाचपडतो. व्हिडिओ थांबवून डोक्याची दिशा बघा, लगेच कळतं.

कंबर बघताना ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या भिंतीवर) लांबच्या होल्डला हात घालण्याच्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा. त्या क्षणी ज्या बाजूचा हात वर जातोय ती कंबर भिंतीला चिकटलेली आहे की दोन्ही गुडघे बाहेर वळवून माणूस बेडकासारखा समोरासमोर लटकलाय? दुसरं असेल तर हात जितका आखूड वाटतोय तितका तो आखूड नाही. उंची कमी आहे ही तक्रार करण्याआधी हा फ्रेम बघून घ्यावा. खरोखर उंचीमुळे अडणारे मूव्ह असतात, पण तक्रारींच्या मानाने फारच कमी.

तिसऱ्या वेळी घड्याळ. प्रत्येक होल्डवर किती सेकंद गेले ते कागदावर उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा तरी कराच. चाळीस हात असलेल्या रूटवर प्रत्येक होल्डवर दोन सेकंद जास्त लागले तर ऐंशी सेकंद जास्त लटकलात. ऐंशी सेकंदांचा दम तयार करायला महिने जातात, दोन सेकंद वाचवायला काही आठवडे. मात्र सेकंद कुठे गेले तेही बघा. चांगल्या होल्डवर हात झटकण्यात गेलेले दहा सेकंद ही गुंतवणूक आहे. क्रिम्पवर (बोटांच्या टोकांनी धरायच्या बारीक कडेवर) हात असताना "आता कुठे" म्हणत गेलेले चार सेकंद ही उधळपट्टी आहे.

चौथी गोष्ट व्हिडिओत दिसत नाही, ऐकू येते. आवाज सुरू ठेवा. बूट भिंतीवर आपटल्याचा आवाज येतो का? श्वास ऐकू येतो की अवघड जागी एकदम शांतता पसरते आणि मूव्ह झाल्यावर "हुश्श" येतं? ती शांतता म्हणजे रोखलेला श्वास.

बोटं कमजोर की पाय? वेगळं करून बघा

वहीतलं अक्षर हा तुमचा अंदाज आहे, तो तपासायचा असतो. घरची किंवा क्लबची प्लायवूडची वॉल असेल तर हे सोपं आहे. १८ मिलिमीटर प्लाय, मागून टी-नट, एम-१० बोल्ट आणि ८ मिलिमीटरची अ‍ॅलन की एवढंच तर असतं. जो मूव्ह होत नाही तिथला फूटहोल्ड काढून मोठा लावा, हात तसेच ठेवा. मूव्ह सहज झाला तर अडचण पायाच्या टोकावर वजन टाकण्यात किंवा पोट-कमरेच्या ताणात होती, बोटांत नव्हती. आता फूटहोल्ड मूळचा लावा आणि हाताचा होल्ड एक नंबर मोठा करा. यात झाला तर बोटांचा संशय खरा. दोन्हींत झाला नाही तर वाचन किंवा ठेवण. अशा वेळी तुमच्याच उंचीच्या माणसाला तो करायला लावा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. सहा फुटी माणसाचा बीटा (मूव्ह करायची रीत) बघून पाच फूट दोन इंचाच्या मुलीला काही उपयोग नाही.

सार्वजनिक वॉलवर होल्ड बदलता येत नाहीत, पण एखादा जास्तीचा फूटहोल्ड वापरायला कोण अडवतंय?

लांब रूटवर पहिला प्रश्न असा: दोरीवर बसत, विश्रांती घेत, सगळे मूव्ह सुटेसुटे होतात का? होत असतील तर ताकद आहे. जोडण्यात, वेगात किंवा दमात अडलंय. एकच मूव्ह ताज्या हातांनीही होत नसेल तर तेवढ्या मूव्हचा अभ्यास करा, सगळा रूट दहा वेळा चढून काही होणार नाही. मग उलटीकडून तपासा: क्रक्सच्या (सगळ्यात अवघड जागेच्या) दोन मूव्ह आधीपासून सुरू करून टॉप गाठता येतो का? येत असेल तर खालच्या भागात शक्ती वाया जातेय आणि सुधारणा तिथे करायची आहे, जिथे तुम्ही कधी पडलाच नाही.

पहिल्या नजरेत होणारा ग्रेड आणि सराव करून होणारा ग्रेड यांतलं अंतरही बरंच सांगून जातं. ऑनसाइट ६ए होतो आणि रेडपॉइंट ६सी, म्हणजे चार पायऱ्यांचं अंतर (६ए, ६ए+, ६बी, ६बी+, ६सी). अशा माणसाला ताकद आहे, रूट खालून वाचता येत नाही. त्याने चढण्याआधी तीन मिनिटं खाली उभं राहून हातांचा क्रम, क्लिपच्या (दोर अडकवण्याच्या) जागा आणि विश्रांतीचा होल्ड वहीत लिहावा, आणि उतरल्यावर किती बरोबर निघालं ते मोजावं. उलट दोन्हींत एखादीच पायरी असेल तर वाचन उत्तम, पण तो कधी पडेपर्यंत कठीण काही करतच नाही. हा प्रकार जरा सभ्य लोकांत जास्त आढळतो.

वर्षभरात झालेले रूट ग्रेडवार मांडून बघा. एक ६बी+, दोन-तीन ६बी, पाच-सहा ६ए+, दहाच्या वर ६ए असा उतरता ढीग दिसला तर पाया आहे. एक ६बी+ आणि खाली थेट पंधरा ५सी असा झेंड्याचा खांब दिसला तर त्या ६बी+ला तुमची उंची, तुमचा आवडता कोन किंवा सेटरची (रूट लावणाऱ्याची) दया धावून आली होती. ग्रेड हे मत असतं, मोजमाप नसतं. एका वॉलचा ६बी दुसऱ्या वॉलचा ६ए असू शकतो, म्हणून हा ढीग एकाच जागेचा मांडावा.

बोटांची चाचणी, जपून

आकडा मिळतो म्हणून सगळ्यांना हीच चाचणी आवडते. त्यामुळेच ती चौथ्या नंबरवर ठेवली आहे. दोन वर्षांपेक्षा कमी नियमित क्लाइंबिंग झालं असेल तर करू नका. शाळकरी मुलांनी तर मुळीच नाही. वाढीच्या वयात बोटांच्या हाडातली वाढीची पट्टी कच्ची असते, तिथे ताणाने हाड तडकू शकतं. मुलाच्या मधल्या सांध्यावर दुखतंय आणि सूज आहे तर "चॉक (हात कोरडे ठेवायची पावडर) लाव, होईल" म्हणायचं नाही, हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं.

२० मिलिमीटर खोलीची पट्टी घ्या. विदर्भात सागवानाला तोटा नाही. सुताराकडून करून घेताना व्हर्नियरने मोजा आणि कड पाच-सहा मिलिमीटर गोल करून घ्या. गोलाई कमी-जास्त झाली की पकड पार बदलते, म्हणून आपल्या पट्टीवरचा आकडा इंटरनेटवरच्या माणसाच्या आकड्याशी ताडून बघू नका. तुलना फक्त स्वतःशी, त्याच पट्टीवर. आधी वीस-पंचवीस मिनिटं वॉर्मअप: सोपे रूट, मग मोठ्या होल्डवर लटकणं, मग पट्टीवर पाय टेकवून. त्यानंतर अर्ध-क्रिम्प, म्हणजे बोटांचा मधला सांधा काटकोनाच्या आसपास आणि अंगठा बाजूला. खांदे सैल सोडायचे नाहीत. सात सेकंद लटका, तीन मिनिटं थांबा, कमरेला अडीच ते पाच किलो वाढवा, पुन्हा. सात सेकंद होण्याआधी बोटं उघडू लागली की थांबा. त्याआधीचं वजन हा तुमचा आकडा. स्वतःच्या वजनाने लटकणं जमत नसेल तर कप्पीवरून वजन कमी करा आणि तेवढं वजा धरा.

समजा तुमचं वजन ६२ किलो आणि १२ किलो जास्तीचे पेलले. ७४ भागिले ६२, म्हणजे १.१९. पुढच्या वेळी १.२१ आला तर पेढे वाटू नका. झोप, जेवण, कातडी यांनीच दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतात. पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तरच काही बदललं असं धरा. आठ ते दहा आठवड्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला मोजणं म्हणजे रोप वाढतंय का ते रोज उपटून बघणं.

आणि बोटात "टक्" असा आवाज येऊन तळव्याच्या बाजूला, बहुधा अनामिकेच्या बुडाशी, दुखू लागलं तर तो पुली लिगामेंटचा (बोटातली शीर हाडाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचा) मामला असू शकतो. त्या दिवशीची चाचणी, सराव, सगळं तिथेच थांबवायचं.

पुलअप्सबद्दल फार लिहीत नाही. सलग दहा निघत असतील तर मधल्या ग्रेडपर्यंत तुमची अडचण पुलअप्स नाही.

उन्हाळा आकडे बिघडवतो

नागपुरात राहून हिशोब ठेवायचा तर हा भाग टाळता येत नाही. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४४. कातडी आणि होल्ड यांच्यातलं घर्षण थंड, कोरड्या हवेत चांगलं असतं. गरमीत बोटांना घाम सुटतो, बुटाचं रबर मऊ पडतं आणि बारीक कडेवर गोळा होऊन घसरतं. फेब्रुवारीत झालेला रूट एप्रिलच्या संध्याकाळी झाला नाही तर तुम्ही कमजोर झाला नाहीत. पण वहीत तापमान लिहिलेलं नसेल तर तसंच वाटतं, आणि मग माणूस भर उन्हाळ्यात सराव दुप्पट करून खांदा दुखवून घेतो.

म्हणून तुलना ऋतूच्या आत करायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे आकडे एकमेकांशी, मार्च ते जूनचे एकमेकांशी. चाचण्या वर्षभर सकाळी सहा-साडेसहाला घेतल्या तर फरक बराच कमी होतो.

आता कूलर. बंद हॉलमधल्या वॉलजवळ कुणीतरी प्रेमाने कूलर लावतो आणि तोंड होल्डकडे वळवतो. एप्रिल-मेची आपली हवा कोरडी असते, ती ओल्या ताट्यांमधून येताना थंड होते आणि दमटही. गारवा माणसाला हवा असतो, होल्डला कोरडेपणा. कूलर बसायच्या जागेकडे वळवा आणि वॉलकडे साधा पंखा. चाचणीच्या दिवशी तर कूलरचा पाण्याचा पंप बंदच ठेवा. पावसाळ्यात कूलर लावा की काढा, हवा दमटच. जुलै-ऑगस्टमध्ये स्लोपरवरचे (कड नसलेल्या गोलसर होल्डवरचे) प्रयत्न मोजणीत धरूच नयेत, त्या महिन्यांत पायांचा आणि वाचनाचा हिशोब करावा.

कोरड्या उन्हाळ्यात उलटा घोटाळाही होतो. ज्यांना घाम कमी येतो त्यांची बोटं चॉकने इतकी सुकतात की काचेसारखी गुळगुळीत होतात. असा माणूस घसरला की आणखी चॉक लावतो. त्याने हात धुऊन, पुसून, चॉकशिवाय एकदा करून बघावं. आणि बूट स्कूटीच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. तिथल्या उष्णतेत सोल चिकटवलेला गोंद सुटतो, पुढची कड उघडते आणि महिनाभर वहीत पा, पा, पा येत राहतं.

बाहेरच्या कातळाचा हिशोब वेगळ्या पानावर ठेवा. शहराच्या पश्चिमेला काळा बसाल्ट, पूर्वेला नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा खडक), पचमढीला वालुकाश्म. तिन्हींवर पाय वेगळा बसतो. बसाल्टवर आडव्या कडा मिळतात, पण ठिसूळ थर आणि हलणारे दगडही मिळतात, तिथे प्रत्येक होल्ड ठोकून बघण्यात गेलेले सेकंद उधळपट्टीत धरायचे नाहीत. वालुकाश्म ओला असताना कमजोर होतो आणि होल्ड मोडतात. पावसानंतर दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये. काळा कातळ आपल्याकडे मार्चमध्येच सकाळी दहाच्या आत तापतो, म्हणून कड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि सावली कितीपर्यंत राहते तेही लिहा. समृद्धी महामार्गाने रात्रभर गाडी हाकून सह्याद्रीत पोचणाऱ्यांनी पहिल्या दिवसाचे प्रयत्न मोजूच नयेत. झोप न झालेल्या माणसाचा पहिला बळी त्याची वाचनशक्ती असते.

भीतीचा आकडा

"मला भीती वाटत नाही" असं सगळेच म्हणतात. ते मोजता येतं. पुढच्या वीस लीड प्रयत्नांत (दोर खालून नेत, वाटेत क्विकड्रॉत अडकवत चढण्याच्या) दोन रकाने करा: किती वेळा खरोखर पडलात आणि किती वेळा पडायच्या आधीच "टेक!" ओरडून दोरीवर बसलात. चौदा टेक आणि सहा पडणं निघालं, तर तुमची मर्यादा बोटांनी ठरवलेली नाही. तोच रूट टॉप रोपवर (दोर आधीच वर अडकवून) करून बघा. तिथे सहज होतो आणि लीडवर दर क्लिपपाशी हात भरतात, तर त्या भ-शेजारचं अक्षर भी आहे. भ्यालेला माणूस प्रत्येक होल्ड गरजेपेक्षा दीडपट आवळतो, डोक्यावरच्या क्विकड्रॉला घाईने क्लिप करायला जातो आणि त्यासाठी दोर जास्त ओढतो. नेमक्या त्याच क्षणी सुटला तर ढील सगळ्यात जास्त असते. कंबरेजवळ आल्यावर क्लिप करणं बहुतेक ठिकाणी कमी दमवतं आणि सुरक्षितही असतं.

पडण्याचा सराव करायचा तो अनुभवी बिलेअरसोबत, किंचित ओव्हरहँग असलेल्या स्वच्छ भिंतीवर, पाचव्या क्विकड्रॉच्या वर. आधी क्विकड्रॉ छातीशी असताना, मग कंबरेशी, मग गुडघ्याशी. प्रत्येक टप्प्यावर पाच-सहा वेळा, न ओरडता. खालच्या तीन-चार क्विकड्रॉवर दोर ताणून जमीन गाठण्याचा धोका असतो, तिथे हा खेळ नाही. सह्याद्रीतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या कातळावरही नाही. तिथे पडणाऱ्याला हवा मिळत नाही, मधली लेज मिळते. अशा रूटवर टेक म्हणणं ही अक्कल आहे, तिथे भी लिहायचं नाही.

मग काय करायचं

तीस-चाळीस ओळी झाल्या की अक्षरं मोजा आणि सगळ्यात जास्त आलेलं एकच निवडा. एकच. चार ते सहा आठवडे, आठवड्यातल्या तीनपैकी दोन दिवशी, वॉर्मअपनंतर लगेच, ताजे असताना वीस-पंचवीस मिनिटं त्यावर. पा आलं तर सोप्या रूटवर आवाज न करता पाय ठेवणं. आवाज आला किंवा पाय पुन्हा उचलला की खाली उतरून पहिल्यापासून. वा आलं तर खालून क्रम लिहून चढणं. ठे आलं तर प्रत्येक हाताआधी कंबर भिंतीकडे वळवून एक सेकंद थांबणं. शेवटी दमल्यावर हा सराव केला तर दमलेल्या अवस्थेतल्या वाईट सवयीच पक्क्या होतात.

सहा आठवड्यांनी पुन्हा वीस प्रयत्न लिहा. ते अक्षर कमी झालं नसेल तर निदान चुकलं असेल. व्हिडिओशी वही ताडून बघा. पा लिहिलेल्या ठिकाणी पाय सुटण्याआधी कंबर बाहेर गेलेली दिसते का? तसं असेल तर इतके दिवस चुकीच्या दुखण्यावर औषध चाललं होतं. ते अक्षर कमी झालं पण ग्रेड हलला नसेल तर हरकत नाही, दुसऱ्या क्रमांकाचं अक्षर आता वर आलेलं असेल.

नवतपात, मे संपताना, दुपारी वॉलकडे फिरकण्यात अर्थ नसतो. ते नऊ दिवस वर्षभराच्या वहीसाठी ठेवा. आता कूलरसमोर बसायला हरकत नाही. वेगवेगळ्या कोनांचे रकाने आखा: स्लॅब (आत कललेली भिंत), उभी भिंत, ओव्हरहँग. प्रत्येकाखाली सहा अक्षरांच्या रेघा मारा. एखादा रकाना जवळपास कोराच निघेल. त्या कोनाच्या भिंतीकडे तुम्ही वर्षभर गेलाच नाहीत. जूनचं पहिलं सत्र तिथे.